सायकल ट्रॅकसाठी सही करू की नको?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ राहते. एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे आणि रोज साधारण सात किलोमीटर सायकलने जाते, तेवढीच परत येते. मुलगी आठवीत आहे. तिलाही शाळेला सायकलने जायचंय, पण मोठ्या रस्त्याची तिला भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर तिला पाठवायचा मलाही धीर होत नाही. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून महापालिकेला द्यायचं निवेदन तयार केलंय: मुख्य रस्त्यालगत वेगळा सायकल ट्रॅक हवा. मसुदा सोबत पाठवते आहे. मी सही करणारच होते, पण सासऱ्यांनी अडवलं. ते ७६ वर्षांचे आहेत. सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं सायकलने गेले. ते म्हणतात, 'आज ट्रॅक मागाल, उद्या रस्त्यावरून हाकलतील.' मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या महिन्यात दुसऱ्या एका रस्त्यावर, जिथे फुटपाथला लागून ट्रॅक आहे, एका कारवाल्याने काच खाली केली आणि ओरडला, 'ट्रॅक आहे ना तुमच्यासाठी, रस्त्यात कशाला मरता?' तो ट्रॅक पुढे पन्नास पावलांवर विजेच्या एका डीपीच्या पेटीपाशी संपत होता. तेव्हापासून वाटतं, आजोबा बरोबर बोलतात की काय? सही करू की नको?"

ताई,

आधी सरळ उत्तर देते. सही करा, पण आत्ताच्या मसुद्यावर नको. मसुद्यात एकच मागणी आहे, 'मुख्य रस्त्यालगत स्वतंत्र सायकल ट्रॅक व्हावा'. एवढंच मागितलंत तर एवढंच मिळेल, आणि मग तुमच्या सासऱ्यांची भीती खरी ठरायला वेळ लागणार नाही. त्यात आणखी चार वाक्यं घालायला हवीत. ती मी खाली लिहून देते. पण ती का घालायची हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने तुम्हालाच बोलावं लागणार आहे.

आजोबांचं बोलणं हे म्हाताऱ्या माणसाचं कुरकुरणं समजू नका. ते जे म्हणतात तेच नव्वद वर्षांपूर्वी लंडनमधले सायकलस्वार म्हणत होते. डिसेंबर १९३४ मध्ये तिथल्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर ब्रिटनमधला पहिला खास सायकल ट्रॅक सुरू झाला. उद्घाटनाला वाहतूकमंत्री होर-बेलिशा स्वतः आले होते. आणि सायकलस्वारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने त्याला विरोध केला होता. रस्ता आमचाही आहे, आज बाजूला जागा काढून दिलीत तर उद्या तिथेच राहा म्हणाल, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनमध्ये तशी सक्ती झाली नाही. जर्मनीत मात्र झाली. तिथे त्याच वर्षी, १९३४ मध्ये, देशभरासाठी एक वाहतूक नियमावली आली आणि जिथे सायकलवाट असेल तिथे सायकलस्वाराने तीच वापरायची असं बंधन घातलं गेलं. वाट खडबडीत असो, अरुंद असो, झाडांच्या मुळांनी उखडलेली असो. मोटारींना रस्ता मोकळा हवा होता आणि सायकली मध्ये येत होत्या, त्या काळाचा कल हाच होता. ते बंधन ढिलं व्हायला १९९८ उजाडावं लागलं. तेव्हापासून निळा गोल फलक असेल तिथेच सक्ती, एरवी नाही. आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की असा फलक वाटेल तिथे ठोकता येणार नाही, त्या रस्त्यावर नेहमीपेक्षा खरोखरच जास्त धोका आहे हे दाखवावं लागेल. म्हणजे एका साध्या तरतुदीतून सुटायला तिथल्या सायकलस्वारांच्या तीन पिढ्या गेल्या.

आपल्या देशातलं उदाहरण तर याहून जळजळीत आहे. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. त्या रस्त्यांच्या बाजूने ट्रॅक होते म्हणून नव्हे, ट्रॅक नव्हतेच. दूधवाले, पेपरवाले, घरोघरी सामान पोचवणारे, कामावर जाणारे मजूर या सगळ्यांची रोजची वाट एका आदेशाने बंद झाली. हे मुद्दाम सांगते आहे. सायकलवाल्याला रस्त्यावरून काढायला ट्रॅकचं निमित्त लागतंच असं नाही. 'तुम्ही रस्त्याचे नाही' ही भावना आधीपासून असते. ट्रॅक तिला फक्त बोलायला एक वाक्य पुरवतो. तुमच्यावर ओरडलेल्या माणसाच्या तोंडी तेच वाक्य होतं. ट्रॅक नसता तर तो दुसरं काही ओरडला असता.

तुम्हाला आणि आजोबांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. आपल्या वाहतूक चिन्हांच्या तक्त्यात निळ्या गोलातली सायकल 'बंधनकारक' चिन्हांच्या रांगेत आहे, आणि तिचं नावच 'कंपल्सरी सायकल ट्रॅक' असं छापलेलं असतं. आज त्या फलकावरून सायकलवाल्याला कुणी अडवताना मला तरी दिसलेलं नाही. पण फलकाचा तो अर्थ तिथे झोपून आहे. उद्या कुणाला तो उठवावासा वाटला, तर आपण आधीच काहीतरी लिहून ठेवलेलं असावं. म्हणून चार वाक्यांपैकी पहिलं वाक्य त्याचंच.

आता दुसरी बाजू. तुमची मुलगी.

आजोबा तीस वर्षं खडकीला गेले ते कुठल्या रस्त्याने, हे त्यांना विचारा. नव्या पुलावरून शिवाजीनगर, तिथून वाकडेवाडी, मग खडकी, असंच सांगतील. त्या रस्त्यावर तेव्हा सायकलींचे लोंढे असायचे. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली. मी शाळेत असताना ते पाहिलंय. बसवाला हॉर्न वाजवत मागे थांबायचा, कारण पुढे सायकली होत्या आणि त्या होत्या म्हणून त्याला थांबणं भाग होतं. आजोबांना ट्रॅकची गरज नव्हती हे अगदी खरं. त्यांच्याभोवती शंभर सायकली होत्या, तोच त्यांचा ट्रॅक. त्याच शहरात २०१८ पर्यंत नोंदणी झालेली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली. तुमच्या मुलीला आजोबांचा रस्ता मिळणार नाहीये. तिच्या पुढे-मागे कुणी नसेल, आणि शेजारून पाऊणशेच्या वेगाने एखादी मोटार जाईल. तिला 'घाबरू नकोस, रस्ता तुझाही आहे' असं मी सांगू शकत नाही. हक्क तिचा आहेच. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाडामांसाने तो सिद्ध करून दाखवावा, ही अपेक्षा करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकापासून सायकलस्वारांचा एक गट असं मानत आला आहे की सायकलस्वाराने मोटारीसारखंच वागावं, लेनच्या मधोमध चालवावं, ट्रॅक मागूच नयेत. त्यांनी शिकवलेलं रस्त्यावरचं कौशल्य मी स्वतः वापरते आणि पुढे तुमच्या मुलीसाठीही सांगणार आहे. पण त्यांच्या वाटेने गेलेल्या शहरांत सायकलीवर उरले ते बहुतेक धट्टेकट्टे, वेगात चालवणारे पुरुष. शाळकरी मुली, साडीतल्या बाया, पंचाहत्तरीचे आजोबा उरले नाहीत. आणि सायकलस्वार कमी झाले की साध्या रस्त्यावर उरलेल्यांचाही धोका वाढतो. २००३ मध्ये जेकबसन नावाच्या अभ्यासकाने बऱ्याच शहरांचे आणि देशांचे आकडे तपासून हे मांडलं: एखाद्या ठिकाणी पायी किंवा सायकलने जाणारे दुप्पट झाले, तर अपघात दुप्पट होत नाहीत, सुमारे एक तृतीयांशानेच वाढतात. म्हणजे एकेकट्याचा धोका घटतो. मोटारवाल्याला सायकल दिसायची सवय लागते, तो वळण्याआधी मान वळवतो. वाकडेवाडीचा बसवाला थांबायचा तो याच सवयीने.

तुमच्या प्रश्नाची गाठ मला इथे सुटताना दिसते. चांगला ट्रॅक नवी माणसं सायकलीवर आणतो. त्या माणसांचं घर काही ट्रॅकवर नसतं, शाळा आणि दुकानही नसतं. ती ट्रॅकवरून उतरून गल्लीत येतात, चौक ओलांडतात, साध्या रस्त्यावर दिसायला लागतात. मग साधा रस्ताही सुधारतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात २००६ नंतर थोड्याच वर्षांत सलग जोडलेल्या ट्रॅकचं जाळं झालं आणि जवळजवळ नसल्यासारख्या असलेल्या सायकली सुमारे दहापट झाल्या. तिथलं खरं मर्म मला 'सलग' या शब्दात वाटतं. तुकड्यातुकड्यांनी वीस वर्षं काम चालू ठेवलं असतं तर ते झालं नसतं.

वाईट ट्रॅक मात्र याच्या नेमकं उलट करतो. नवं कुणी येत नाही, कारण त्यावरून जाताच येत नाही. आणि जुने सायकलस्वार जे रस्त्यावर असतात त्यांना ओरडा खावा लागतो, कारण ट्रॅक 'आहे'. तुम्ही डीपीच्या पेटीपाशी अनुभवलंत ते हेच. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमाराला मोठा गाजावाजा करून ट्रॅक झाला. तो ना घराला जोडलेला ना लोकलच्या स्टेशनाला. पुढे तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि शेवटी ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. असा एक ट्रॅक बुडाला की पुढची दहा वर्षं प्रत्येक अधिकारी म्हणतो, 'लोकांना सायकल नकोच आहे, बांधून पाहिला ना.'

आता मला माझं एक सांगू द्या, कारण ट्रॅकवर नेमकं कुठे चुकतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी एका ट्रॅकवरून चालले होते. रस्ता आणि ट्रॅक यांच्यामध्ये गाड्या उभ्या होत्या, ओळीने. त्यामुळे मला वाटत होतं की मी अगदी सुरक्षित आहे, आणि वेगही बरा होता. पुढे एका सोसायटीचं फाटक. मुख्य रस्त्यावरून एक मोटार डावीकडे त्या फाटकात वळली. चालवणाऱ्या बाईंची काही चूक नव्हती असं मी आजही म्हणेन. त्यांनी आरशात पाहिलं असणार, पण आरशात काय दिसणार? उभ्या गाड्यांची ओळ. त्या ओळीच्या पलीकडे मी आहे हे त्यांना कळलं ते मी त्यांच्या पुढच्या दारावर आदळले तेव्हा. गुडघ्याला सहा टाके पडले. हँडल वाकलं होतं आणि पुढचं चाक पापडासारखं झालं होतं. त्या बाई स्वतःच इतक्या थरथरत होत्या की फाटकावरच्या वॉचमनने आधी त्यांना पाणी दिलं.

बरं होईपर्यंत घरी बसून मी एकच विचार करत होते. रस्त्यावर असते तर त्यांना मी दिसले असते. ट्रॅकने मला सरळ जाताना वाचवलं आणि वळणावर लपवलं. शहरातले सायकलचे बरेचसे अपघात सरळ रस्त्यावर मागून धडक बसून होत नाहीत. ते चौकात, गल्लीच्या तोंडाशी, फाटकांपाशी होतात. म्हणून ट्रॅक कसा आहे हे पाहायचं असेल तर त्याचा मधला भाग पाहू नका. फाटकापाशी आणि चौकात तो काय करतो ते पाहा.

चांगल्या ट्रॅकवर फाटकापाशी सायकलस्वाराला खाली उतरावं लागत नाही. ट्रॅक त्याच उंचीवर, त्याच रंगात सलग पुढे जातो आणि मोटारीला त्यावर चढून जावं लागतं. चढताना ती आपोआप हळू होते. फाटकाच्या अलीकडचे दहा-पंधरा मीटर गाडी उभी करायला बंदी असते, म्हणजे सायकल आणि मोटार एकमेकांना आधी दिसतात. आणि वळणाचा कोपरा टोकदार ठेवतात, गोलाई कमी. गोलाई मोठी असली की मोटार वेग न मोडता वळते. यातल्या एकाही गोष्टीला फार मोठा खर्च नाही. पण निवेदनात लिहिल्याशिवाय ती होणार नाही, कारण ठेकेदाराला दिलेल्या नकाशात ट्रॅक म्हणजे एक लांब पट्टी असते, फाटकं त्यात नसतात.

दुसरा घोळ दुचाक्यांचा. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखलेला रस्ता, झाला, त्याच्या बाजूने बऱ्यापैकी सलग ट्रॅक होता आणि कामावर जाणारी माणसं तो वापरतही होती. गर्दीच्या वेळी मात्र त्यात मोटारसायकली घुसायच्या. पुढे तो सगळा मार्गच काढून टाकला. आपल्या नियमांत मोटार वाहन फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर घालायला मनाई आहे, अगदी १९८९ च्या नियमावलीपासून. नियम आहे, अडवणारं कुणी नाही. नेदरलँड्ससारख्या देशालाही हा त्रास झाला. तिथे मोपेड सायकल ट्रॅकवरून जायच्या. १९९९ मध्ये गावा-शहरांच्या आत त्यांना रस्त्यावर पाठवलं, आणि अ‍ॅमस्टरडॅमने तर २०१९ मध्ये हलक्या स्कूटरही ट्रॅकवरून काढल्या. म्हणजे ट्रॅक बांधून काम संपत नाही. तो राखावा लागतो.

नेदरलँड्सचं नाव निघालंच आहे तर एक गैरसमज दूर करते, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल, 'तिकडे सगळीकडे ट्रॅक असतात.' नसतात. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आई-वडील रस्त्यावर उतरले, तिथून सगळं बदललं. पण बदल दोन्हीकडून झाला. जिथे मोटारींचा वेग आणि गर्दी जास्त तिथे वेगळा ट्रॅक. वस्तीतल्या रस्त्यांवर ट्रॅक नाही; तिथे मोटारींचा वेगच ताशी तीस किलोमीटरवर आणला, वस्तीतून आरपार जाण्याच्या मोटारींच्या वाटा बंद केल्या, आणि सायकली रस्त्याच्या मधून चालतात. आपल्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या सायकल आराखड्यातही विचार असाच होता. आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं, पण सगळीकडे वेगळा ट्रॅक नाही. रस्ता पाहून कुठे ट्रॅक, कुठे रस्त्यावरच आखलेला पट्टा, कुठे नुसता सायकलला सोयीचा रस्ता. आराखडा आजही संदर्भाला घेण्यासारखा आहे. तुमच्या निवेदनात त्याचा उल्लेख नाही; तो जरूर करा. नवं काही मागत नाही, मंजूर केलेलंच मागतो आहोत, असं म्हणता येतं.

आता ती चार वाक्यं. भाषा तुमच्या मसुद्याला जुळेल अशी लिहिते, पाहिजे तसे शब्द बदला.

"हा ट्रॅक वापरणे सायकलस्वारांच्या इच्छेवर असावे, ट्रॅक आहे म्हणून मुख्य रस्त्यावरून सायकल चालवण्यास मनाई करू नये व तसा फलक लावू नये."

"ट्रॅक चौकापाशी किंवा फाटकापाशी न तोडता त्याच पातळीवर सलग न्यावा, आणि प्रत्येक फाटकाच्या व गल्लीच्या तोंडापासून किमान दहा मीटर वाहने उभी करण्यास बंदी असावी."

"ट्रॅकची रुंदी एका दिशेला किमान दोन मीटर असावी, पृष्ठभाग डांबरी किंवा काँक्रीटचा असावा, पेव्हर ब्लॉकचा नसावा, व त्यावर डीपी, खांब, बसथांबा किंवा पाटी येऊ नये."

"मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या आतल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर करून ती पाळली जाईल अशी रचना करावी."

पेव्हर ब्लॉकवर कुणी वाद घातला तर त्याला सायकलवर बसवा आणि पावसाळ्यात सैल झालेल्या ब्लॉकवरून शंभर मीटर नेऊन आणा. पहिल्या फटक्यात ब्लॉकखालचं चिखलाचं पाणी पोटरीवर उडतं, दुसऱ्या फटक्यात मनगटं दुखतात. ठेकेदाराला ब्लॉक आवडतात कारण केबल टाकायला ते उचलता येतात. उचलले की पुन्हा सरळ बसत नाहीत.

मोजणी केलीत तर निवेदनाला वजन येईल. रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९६२ मध्येच ट्रॅक कधी बांधावा याचा ठोकताळा दिला होता: गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारी असतील तर वेगळा ट्रॅक योग्य, आणि मोटारी तासाला दोनशेच्या वर असतील तर १०० सायकलीही पुरेत. तुमच्या रस्त्यावर मोटारी तासाला दोनशेच्या किती वर असतील हे सांगायला नको. सकाळी आठ ते नऊ एका कोपऱ्यावर उभं राहून सायकली मोजा. शंभर भरल्या तर आकडा निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा. नाही भरल्या तरी लिहा, पण सोबत शाळेतल्या मुलांना विचारून दुसरा आकडा द्या: किती जणांकडे सायकल आहे आणि घरचे पाठवत नाहीत. तो आकडा तुमच्या शाळेच्या ऑफिसात बसून तुम्ही एका आठवड्यात काढू शकता, आणि तो महापालिकेकडे नाही.

या मोजणीला आजोबांना बरोबर न्या. मनापासून सांगते आहे. ज्या माणसाने तीस वर्षं रोज सायकल चालवली त्याला कुठल्या फाटकाशी कोण कसं वळतं हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसतं. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर होऊ घातलेल्या ट्रॅकची लांबी पायी चाला. प्रत्येक फाटक, प्रत्येक डीपी, उघडं ड्रेनेज, बसथांबा वहीत टिपा. आणि वरच्या चार वाक्यांपैकी पहिलं वाक्य त्यांना वाचून दाखवा. माझा अंदाज आहे की ते वाक्य असेल तर ते स्वतःही सही करतील. त्यांचा विरोध ट्रॅकला नाहीच, हाकललं जाण्याला आहे.

ट्रॅक होईल तेव्हा होईल, पण मुलीला शाळेत या जूनमध्ये जायचंय. तोपर्यंतचं सांगते. मुख्य रस्ता टाळून आतल्या रस्त्यांची वाट शोधा, थोडी लांब पडली तरी. पहिला महिनाभर तुम्ही तिच्या मागे, किंचित उजवीकडे राहून चालवा, म्हणजे मागची गाडी तुम्हाला चुकवेल आणि आपोआप तिलाही. कडेला अगदी चिकटून चालवू देऊ नका. कडेच्या खड्ड्यात आणि जाळीत चाक अडकतं, आणि कडेला चिकटलेल्या सायकलला मोटारवाला घासून जातो. हातभर नव्हे, चांगला मीटरभर अंतर ठेवून चालवायचं. उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दाराइतकं लांब. बस थांब्याला लागत असेल तर तिच्या डावीकडून कधीही शिरायचं नाही, मागे थांबायचं. आणि मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर मधोमध अडकून पडायचं नाही: सरळ पलीकडे जायचं, तिथे सायकल फिरवायची, आणि त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सायकल सरळ ठेवून मागे पाहता येणं. हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही येत नाही. मान वळली की हँडलही वळतं. सोसायटीच्या आवारात खडूने एक सरळ रेघ मारा. मुलीला रेघेवरून चालवायला लावा. आजोबांना मागे खुर्ची टाकून बसवा आणि त्यांना हाताची बोटं दाखवायला सांगा. तिने रेघ न सोडता मागे वळून किती बोटं आहेत ते सांगायचं. दहापैकी दहा वेळा बरोबर आलं की आतल्या रस्त्यावर, तुमच्याबरोबर. मुख्य रस्त्यावर अजून नाही.

तो कारवाला पुन्हा भेटला तर त्याच्याशी भांडू नका, सिग्नल सुटेपर्यंत तेवढा वेळही नसतो. पण त्या अर्धवट ट्रॅकचा, डीपीच्या पेटीसकट, एक फोटो काढा आणि निवेदनाला जोडा. खाली तारीख आणि ठिकाण लिहा, आणि एवढंच: 'असा नको.'

निवेदन दिलंत की पोच घ्यायला विसरू नका, आणि मोजणीचा आकडा मला कळवा.